मुंबई ते न्यू यॉर्क : अंतर एकच, मग जाताना सोळा तास आणि येताना साडेचौदा का?

प्रश्न असा : मुंबईहून न्यू यॉर्कला थेट विमानाने जायचे तर हवाई अंतर नेमके किती? कुठे साडेबारा हजार किलोमीटर लिहिलेले असते, कुठे तेरा हजारांच्या वर. आणि अंतर तेच असेल तर जाताना सोळा तास आणि येताना साडेचौदा, असे का?

आधी आकडे सांगतो. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ आणि न्यू यॉर्कचा जेएफके यांच्यातले पृथ्वीच्या पृष्ठावरून मोजलेले कमीत कमी अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर, म्हणजे ६,७६५ सागरी मैल आहे. विमान प्रत्यक्षात कापते ते अंतर त्या दिवशीच्या मार्गावर ठरते. ते बहुधा १२,९०० ते १३,५०० च्या दरम्यान असते. म्हणजे तुम्हाला दिसलेले दोन्ही आकडे बरोबर असू शकतात, फक्त ते दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत. पहिला भूमितीचा आहे आणि तो बदलत नाही. दुसरा रोज बदलतो. वेळ मात्र या दोन्हींपेक्षा वाऱ्यावर जास्त अवलंबून असते, म्हणून नुसता अंतराला वेगाने भागाकार केला की उत्तर हमखास चुकते.

भूमितीचा आकडा कुणालाही कागदावर काढता येतो. मुंबई विमानतळ १९.०८८७ उत्तर, ७२.८६७९ पूर्व. जेएफके ४०.६३९८ उत्तर, ७३.७७८९ पश्चिम. रेखांशांतला फरक १४६.६४६८ अंश. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा : ०.३२७० गुणिले ०.६५१३, म्हणजे ०.२१३०. मग दोन्ही अक्षांशांचे कॉस आणि रेखांशातल्या फरकाचा कॉस यांचा गुणाकार करा : ०.९४५० गुणिले ०.७५८८ गुणिले उणे ०.८३५३, म्हणजे उणे ०.५९९०. दोन्हींची बेरीज उणे ०.३८६०. ज्या कोनाचा कॉस इतका असतो तो कोन ११२.७ अंशांचा. पृथ्वीच्या केंद्रातून पाहिले तर या दोन शहरांमध्ये एवढा कोन होतो. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली तर एका अंशाला १११.१९५ किलोमीटर येतात. गुणाकार केला की १२,५३२. पृथ्वी अगदी गोल नसून ध्रुवांकडे थोडी चपटी असल्यामुळे या पद्धतीत जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास चूक राहते. प्रवासाच्या नियोजनाला तेवढी चालते.

हे गणित बिघडते ते तीन ठिकाणी. पहिली चूक अंश आणि मिनिटांची. मुंबईचा अक्षांश १९ अंश ५ मिनिटे आहे, तो १९.०५ लिहायचा नाही, कारण ५ मिनिटे म्हणजे ०.०८ अंश. दुसरी चूक संगणकाच्या तक्त्यात होते. तिथली साइन-कॉसची सूत्रे रेडियन मागतात आणि आपण अंश भरतो. मग काहीही उत्तर येते. तिसरी चूक पश्चिम रेखांशापुढचे उणे चिन्ह विसरण्याची, आणि या जोडीत ती लगेच ओळखू येते. मुंबई पूर्वेला सुमारे ७३ अंशांवर आहे आणि न्यू यॉर्क पश्चिमेला जवळपास ७४ अंशांवर. चिन्ह राहिले तर न्यू यॉर्क किर्गिझस्तानात जाऊन पडते आणि अंतर २,४०० किलोमीटर येते. असे उत्तर दिसले की बाकीचे काही तपासू नका, आधी चिन्ह पाहा.

आता दिशेकडे येऊ, कारण नकाशा सर्वांत जास्त फसवतो तो इथेच. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबईपासून न्यू यॉर्कपर्यंत पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती सौदी अरेबिया, इजिप्त, मोरोक्को असे करत अटलांटिक ओलांडते. त्या रेघेवरून, होकायंत्राची एकच दिशा धरून गेलात तर १४,२०० किलोमीटर पडतील. म्हणजे जवळपास १,७०० किलोमीटर फुकट. गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता बृहद्वृत्तावरून, म्हणजे गोलाचे बरोबर दोन अर्धे करणाऱ्या वर्तुळावरून जातो. शाळेतला पृथ्वीगोल घ्या, दोन्ही शहरांवर बोटाने दोरा ताणून धरा, दोरा आपोआप त्या रस्त्यावर बसतो. मुंबईतून निघताना त्याची दिशा पश्चिम नसते. ती उत्तरेपासून पश्चिमेकडे फक्त २७ अंश झुकलेली असते. पुढे तो दोरा सिंध, कंदाहारचा परिसर, तुर्कमेनिस्तान, कॅस्पियनच्या उत्तर टोकाजवळचे अतिराउ, साराटोव्ह आणि मॉस्को यांच्या जवळून जातो. मग हेलसिंकीच्या किंचित उत्तरेकडून नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमला लागून आइसलँड गाठतो. सर्वांत उत्तरेचा बिंदू ६४.७ अंशांवर, फेरो बेटे आणि आइसलँड यांच्यामधल्या समुद्रात येतो. तिथून ग्रीनलंडचे दक्षिण टोक, कॅनडातले लॅब्रेडोर, अमेरिकेतले मेन राज्य आणि न्यू यॉर्क.

एक तुलना इथे करण्यासारखी आहे. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे किमान अंतर सुमारे १३,५१० किलोमीटर आहे, आणि तिकडे जाणारा दोरा उत्तरेपासून पूर्वेकडे १४ अंश झुकतो. अमेरिकेचे दोन समोरासमोरचे किनारे, पण मुंबईतून निघताना दिशांमध्ये फरक केवळ ४१ अंशांचा. आपल्याकडून अमेरिका ना पूर्वेला आहे ना पश्चिमेला, ती उत्तरेच्या पलीकडे आहे. हे एकदा मनात बसले की विमानातल्या पडद्यावरचा वाकडा मार्ग पाहून गोंधळ होत नाही.

पण विमान या दोऱ्यावरून जवळजवळ कधीच उडत नाही. पहिले कारण हवाई हद्दींचे. मार्गावरचे पहिलेच शेजारी राष्ट्र पाकिस्तान. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत ती हद्द बंद होती, आणि २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमान कंपन्यांना ती पुन्हा बंद झाली. अफगाणिस्तानात ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलची हवाई नियंत्रण सेवा कोलमडली. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद आहे, आणि त्यानंतर अमेरिकी व बहुतेक युरोपीय कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही. भारतीय कंपन्यांवर रशियाने अशी बंदी घातलेली नाही. जून २०२५ मध्ये इराण आणि इराकचे आकाशही काही काळ बंद झाले होते. दोऱ्यावरचे देश आणि ही यादी एकमेकांशेजारी ठेवा, मार्गाची आखणी करणाऱ्याला रोज काय सोडवावे लागते ते दिसेल. अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने मार्च २०२२ मध्ये न्यू यॉर्कजवळच्या नेवार्कहून मुंबईची सेवा थांबवली तीही रशियाच्या आकाशामुळेच.

वळसा घालावा लागला म्हणजे अंतर खूप वाढते, असे मात्र नाही, आणि हे फार जणांना खरे वाटत नाही. मुंबईहून आधी अरबी समुद्रावरून मस्कतला जाऊन तिथून न्यू यॉर्कचा सरळ मार्ग धरला तर एकूण १२,९०० किलोमीटरच्या थोडे वर होतात. वाढ चारशे किलोमीटरांच्या आत. इस्तंबूलवरून गेलात तर १२,८६०, म्हणजे वाढ ३३० किलोमीटर, तीन टक्केसुद्धा नाही. प्रवास इतका लांबचा असला की दोरा मधोमध बराच बाजूला ओढला तरी लांबी थोडीच वाढते. वाढ मोठी होते ती टोकाजवळ तीव्र वळण घ्यावे लागले तर. पाकिस्तानची हद्द बंद झाल्याचा फटका दिल्लीला जास्त आणि मुंबईला कमी बसतो तो त्यामुळेच. मुंबईच्या विमानाला समोर समुद्र मोकळा असतो. दिल्लीच्या विमानाला मात्र आधी गुजरातच्या बाजूने खाली येऊन मग पश्चिमेला वळावे लागते.

आता वारा. तीस ते चाळीस हजार फुटांवर, मध्य अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरकस पट्टे असतात. तेच जेट प्रवाह. हिवाळ्यात ते अधिक जोरात आणि अधिक दक्षिणेला असतात. एक पट्टा उत्तर भारतावरून जातो, दुसरा उत्तर अटलांटिकवरून. अमेरिकेला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीमागून. ‘पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून पश्चिमेला जाणे लवकर व्हायला हवे’ हा समज सर्रास ऐकू येतो. तो चूक आहे, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान हवेत उडते. विमानाला जाणवते ती हवेची जमिनीच्या तुलनेतली हालचाल, म्हणजे वारा, आणि तो या उंचीवर बहुतेक वेळा पश्चिमेचा असतो.

आकडे घालून पाहू. या मार्गासाठी बोईंग ७७७ जातीचे विमान धरू. त्याचा वेग ध्वनीच्या ०.८४ पट. पस्तीस हजार फुटांवर हवा उणे ५४ अंशांच्या आसपास थंड असते, तिथे हा वेग ताशी ९०० किलोमीटरांच्या जवळ येतो. हा हवेतला वेग झाला. प्रत्यक्ष मार्ग १३,०५० किलोमीटरांचा धरा आणि जाताना सरासरी समोरचा वारा ताशी ४० किलोमीटर. जमिनीवरून वेग उरला ८६०. भागाकार : १५ तास १० मिनिटे. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, त्याची १५ मिनिटे. मुंबईत फाटकापासून (गेटपासून) धावपट्टीपर्यंत आणि तिकडे धावपट्टीपासून फाटकापर्यंत मिळून ३५ मिनिटे. एकूण १६ तास. येताना तोच मार्ग, पाठचा वारा ताशी ६०. भागाकार १३ तास ३६ मिनिटे, वर तेवढीच भर, म्हणजे साडेचौदा तासांना चार मिनिटे कमी.

जातानाचा वारा ४० आणि येतानाचा ६० का घेतला? कारण मार्ग निवडायची मुभा असते. जाताना आखणी करणारा विमान जेट पट्ट्याच्या उत्तरेकडून नेतो, म्हणजे समोरचा वारा टळतो. येताना मुद्दाम पट्ट्यात घालतो. मग मार्ग शंभर-दोनशे किलोमीटर लांब झाला तरी वेळ वाचते. अटलांटिकवर तर हे मार्ग रोज नव्याने आखले जातात. पश्चिमेकडे जाणारे ब्रिटन-आयर्लंडचे शॅनविक हवाई नियंत्रण केंद्र आखते, पूर्वेकडे येणारे कॅनडातले गँडर केंद्र. तीस अंश पश्चिम रेखांशावर पश्चिमेकडचे मार्ग यूटीसी (जगभराची प्रमाण वेळ, म्हणजे ढोबळमानाने ग्रीनिचची वेळ) ११:३० ते १९:०० या वेळेत लागू असतात, पूर्वेकडचे ०१:०० ते ०८:००. तुमचे विमान काल आइसलँडजवळून गेले आणि आज आयर्लंडवरून, तर त्यात काळजीचे काही नाही. वाऱ्याची जागा बदलली एवढेच.

वेळ वाढली की इंधन वाढते, आणि इंधनाचे एक दुखणे आहे : ते वाहून न्यायलाही इंधन जळते. बोईंग ७७७-३०० ईआरच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर मावते, म्हणजे साधारण १४५ टन. ताशी सरासरी साडेसात ते आठ टन जळते असे धरले तर जाताना ११५ ते १२० टन फस्त होतात. शिवाय वाटेतल्या अनपेक्षित फरकांसाठी राखीव, पर्यायी विमानतळापर्यंतचे, आणि शेवटी अर्धा तास घिरट्या घालता येतील इतके कायम शिल्लक. ढोबळ हिशेब असा, की वाढवलेल्या प्रत्येक टनापैकी दर तासाला तीन टक्क्यांच्या आसपास इंधन तो टन वाहून नेण्यातच संपते. पंधरा तासांच्या प्रवासात त्या टनाचा मोठा हिस्सा असा जातो. म्हणून अर्ध्या तासाचा वळसा कागदावर चार टनांचा वाटला तरी निघताना त्याहून बरेच अधिक भरावे लागते. विमानाचे उड्डाणाचे कमाल वजन ३५१ टन ठरलेले आहे. तिथे टोक गाठले की आधी माल कमी होतो, मग रिकाम्या ठेवलेल्या जागा वाढतात, आणि तेही जमले नाही तर मधे इंधनासाठी उतरावे लागते. २०२५ मध्ये अमेरिका-भारत मार्गावरची काही विमाने व्हिएन्नाला थांबली ती याच हिशेबापायी.

एवढे वजन घेऊन विमान लगेच पस्तीस हजार फूट गाठू शकत नाही. ते आधी तीस हजारांच्या आसपास राहते आणि इंधन जळून हलके होत जाईल तसे पायरीपायरीने वर चढते. पहिल्या काही तासांत पडद्यावर कमी उंची दिसते ती यामुळे.

वेळापत्रकावर छापलेली वेळ म्हणजे हवेतली वेळ नव्हे. चाकांना लावलेले अडसर (चॉक) काढून विमान फाटकापासून हलल्यापासून दुसऱ्या फाटकावर थांबेपर्यंतची ती वेळ असते. तिला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईत ०९/२७ आणि १४/३२ या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी रांग लागते. जेएफकेला संध्याकाळी उड्डाणाच्या रांगेत अर्धा-पाऊण तास जाणे नवलाचे नाही. कंपन्या हे धरून थोडी सैल वेळ छापतात. विमान ‘वीस मिनिटे लवकर’ पोचते तेव्हा पुष्कळदा तीच सैल वेळ वाचलेली असते.

घड्याळाचा गोंधळ उरलाच. भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. न्यू यॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत चार तास मागे. म्हणजे फरक हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. हिशेब नेहमी यूटीसीतून करा, चूक होत नाही. समजा १० डिसेंबरला रात्री १:३० ला मुंबई सोडली. यूटीसीत ती ९ तारखेची रात्रीची आठची वेळ. सोळा तास मिळवले की १० तारखेचे दुपारचे बारा. पाच वजा केले की न्यू यॉर्कला सकाळचे सात. तिकिटावर १:३० ते ७:०० दिसते म्हणून कुणी साडेपाच तासांचा प्रवास समजू नये. परतीला दुपारी १२:३० ला निघालात तर दुसऱ्या दिवशी दुपारी १:३० ला मुंबईत, घड्याळात पंचवीस तास.

यातून एक उपयोगी युक्ती निघते. जाताना आणि येताना घड्याळात दिसणारे तास एकत्र करा : साडेपाच अधिक पंचवीस, साडेतीस. हीच दोन्ही प्रवासांची खरी बेरीज, कारण काळफरक एकदा वजा आणि एकदा अधिक होऊन कटतो. अर्धे केले तर सव्वापंधरा तास, म्हणजे वाऱ्याविना लागणारा जवळपासचा वेळ. कोणत्याही दोन शहरांच्या वेळापत्रकावर हे करून पाहता येते, काळफरक माहीत नसला तरीही. अट एवढीच, की मधल्या काळात घड्याळ पुढे-मागे झालेले नसावे.

थेट जावे की मधे थांबून? अंतराच्या दृष्टीने थांबा फारसा महाग नसतो. मुंबई-लंडन सुमारे ७,२०० आणि लंडन-जेएफके ५,५४० मिळून १२,७४० किलोमीटर, थेट अंतरापेक्षा दोनशेच जास्त. दुबईवरून १२,९५० च्या आसपास. वेळ खातो तो जमिनीवरचा थांबा, दुसऱ्यांदा रांगेत उभे राहणे आणि दुसरी चढण. अडीच-तीन तासांचा थांबा धरला तर लंडनमार्गे एकवीस-बावीस तास होतात. दोन वेगवेगळी तिकिटे काढून हा प्रवास करू नका. पहिले विमान उशिरा आले तर दुसरी कंपनी तुम्हाला पुढच्या विमानात बसवायला बांधील नसते.

न्यू यॉर्कहून पुढे देशांतर्गत विमान असेल तर किमान तीन तास ठेवा. अमेरिकेत पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होते, बॅगा ताब्यात घेऊन पुन्हा द्याव्या लागतात, आणि युरोप-आशियातली विमाने एकदम उतरली की रांग दीड तासावर सहज जाते. आणि तिकीट शोधताना ‘न्यू यॉर्क’ एवढेच घातले तर जेएफके, नेवार्क आणि लाग्वार्डिया तिन्ही येतात. एडिसन किंवा न्यू जर्सीतल्या आसपासच्या गावी जाणाऱ्यांना नेवार्क जवळ पडते. जेएफकेहून संध्याकाळच्या रहदारीत तिकडे जायला दोन तास लागू शकतात. लाग्वार्डियाची विमाने मुख्यतः देशांतर्गत असतात, म्हणून जेएफकेला उतरून लाग्वार्डियाहून पुढे जाणारे तिकीट दिसले तर मधे बॅगांसह शहरातून रस्त्याने जायचे आहे हे लक्षात घ्या.

मुंबईच्या बाजूलाही आता हेच पाहावे लागते. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. न्यू यॉर्कपर्यंतच्या अंतरात त्याने तीस-चाळीस किलोमीटरांचाही फरक पडत नाही, पण पुण्याहून गाडीने येणाऱ्याला कोणत्या विमानतळावर जायचे याने घाट उतरल्यानंतरचा एक-दीड तास इकडेतिकडे होतो. तिकिटावर शहराच्या नावाशेजारचे तीन अक्षरी चिन्ह वाचा, उड्डाणाआधी तीन तास पोचायचे धरा, आणि घरून निघायची वेळ त्यातून मागे मोजा.